आनंदीबाईंच्या यशाचें श्रेय कोणाचें?

अंगारकी चतुर्थीच्या दिवशीं कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूस सुटणाऱ्या गाड्यांत पाय ठेवावयास जागा नसते. शहाड व आंबिवली हीं स्थानकें मागें पडलीं म्हणजे टिटवाळ्यास सारा डबा रिकामा होतो. आणि उतरणाऱ्या मंडळींत स्त्रियांचा भरणा डोळ्यांत भरण्याजोगा असतो. टिटवाळ्याचा महागणपति अडलेलें लग्न जुळवितो व दुरावलेला संसार सांधतो, अशी या प्रांतांतील स्त्रियांची जुनी श्रद्धा आहे. काळू नदीच्या कांठीं कण्वमुनींचा आश्रम होता आणि दुष्यंतास विसर पडलेल्या शकुंतलेस मुनींनीं येथेंच गणेशाची आराधना करण्यास सांगितलें, असें येथील स्थानमाहात्म्य आहे. तें खरें किती व कल्पित किती, हा वाद आम्ही घालूं इच्छीत नाहीं. परंतु पतीनें विसरावें आणि त्याला पुन्हा आठवण व्हावी म्हणून पत्नीनें देवापुढें बसावें, यापलीकडे त्या कथेंतील स्त्रीस कांहीं उपायच नव्हता, ही गोष्ट आमच्या मनास नेहमीं टोंचते. ज्या कल्याण स्थानकांत या स्त्रिया गाडी बदलतात, त्याच कल्याण गांवांत दीडशें वर्षांपूर्वीं एक मुलगी वाढली. तिनें दुसरा उपाय शोधला.

ही मुलगी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी, हें आमच्या वाचकांनीं एव्हांना ओळखलेंच असेल. अमेरिकेंत जाऊन वैद्यकाची पदवी मिळविणारी पहिली हिंदु स्त्री म्हणून त्यांचें नांव शाळेंतील मुलांसही पाठ असतें. मग त्यांचें चरित्र आज पुन्हा सांगण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. प्रयोजन हेंच कीं, नांव सर्वांस ठाऊक असूनही यशाचें श्रेय मात्र भलत्याच्या खात्यावर जमा झालें आहे. बहुतेकांच्या मनांतील कथा अशी कीं, गोपाळराव जोशी नांवाच्या एका विलक्षण हट्टी पुरुषानें आपल्या बायकोस शिकविण्याचा ध्यास घेतला आणि त्या ध्यासांतून एक डॉक्टरीण निर्माण झाली. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ सालच्या लोकप्रिय कादंबरीचें नांव 'आनंदी गोपाळ' असें आहे, आणि २०१९ सालीं निघालेल्या बोलपटानेंही तेंच नांव धारण केलें. त्या कलाकृतींचा गुणदोषविचार आम्ही येथें करीत नाहीं. वकिलीच्या धंद्यांत कागद पाहण्याची संवय आम्हांस जडली आहे, आणि या प्रकरणींचे कागद आम्हांस निराळी हकीकत सांगतात.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजीं झाला. माहेरचें नांव यमुना. वडील गणपतराव जोशी हे कल्याणांतील जुन्या घराण्यांतले. एके काळीं जमीनजुमला व मानमरातब असलेलें हें घराणें, पण यमुनेच्या बाळपणीं पूर्वीची स्थिति राहिली नव्हती. १८७४ सालीं, नऊ वर्षांची असतां, तिचें लग्न गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. गोपाळराव मूळचे संगमनेरचे, टपाल खात्यांतील नोकर, बिजवर, आणि वयानें तिच्याहून सुमारें वीस वर्षांनीं वडील. यमुनेची आनंदी झाली.

येथें कायद्याविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. त्या काळीं हिंदु मुलीच्या लग्नास वयाची कोणतीही खालची मर्यादा कायद्यानें घातलेली नव्हती. १८६० च्या दंडसंहितेनें विवाहित मुलीच्या शरीरास जें संरक्षण दिलें होतें, तें वयाच्या दहाव्या वर्षापर्यंतच. दहा वर्षें पुरीं झालीं कीं सरकार डोळे मिटीत असे. ही मर्यादा बारा वर्षांवर नेणारा संमतिवयाचा कायदा १८९१ त झाला, म्हणजे आनंदीबाईंच्या निधनानंतर चार वर्षांनीं. आणि लग्नाचेंच वय ठरविणारा शारदा कायदा तर १९२९ सालचा. तेव्हां आनंदीबाईंवर पुढें जें ओढवलें, त्यांत बेकायदेशीर असें कांहींच नव्हतें. अन्याय कायदेशीर असला म्हणजे त्याचा उच्चारही कोणी करीत नाहीं.

गोपाळराव हे मोठे विचित्र गृहस्थ होते, आणि त्यांच्याविषयीं न्यायानें लिहिणें सोपें नाहीं. लग्न ठरवितांनाच त्यांनीं मुलीस शिकविण्याची मोकळीक पाहिजे, अशी अट घातली. त्या काळीं शिकलेल्या बायकोचा नवरा लवकर मरतो असें समजणारे लोक घरोघरीं होते. अशा समाजांत ही अट घालणाऱ्याचें धैर्य आम्ही मुळींच कमी लेखीत नाहीं. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढें कलकत्ता व श्रीरामपूर अशा बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक ठिकाणीं त्यांनीं पत्नीचा अभ्यास चालू ठेवला. पण अभ्यास चुकला कीं ते तिला मारीत. स्वयंपाकघरांत रमलेली दिसली तर मारीत. इतर नवरे बायकोस स्वयंपाक केला नाहीं म्हणून मारतात, गोपाळरावांनीं केला म्हणून मारलें, अशी थट्टा करून ही गोष्ट सांगणारे लोक आम्हीं ऐकले आहेत. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या पाठीवरील वळांस या दोन कारणांतील भेद कळत नसतो. शिवाय गोपाळरावांस लोकांस डिवचण्याची हौस फार. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनांत टिळक-रानड्यांसारख्या मंडळींस बोलावून त्यांच्यापुढें चहा ठेवविणारे, आणि मग त्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करवून गांवांत ग्रामण्य माजविणारे गोपाळराव जोशी ते हेच. पत्नीचें शिक्षण ही त्यांची निष्ठा होती यांत शंका नाहीं. परंतु समाजास चकित करण्याचें तें एक साधनही होतें.

आतां मुख्य मुद्याकडे वळूं. आनंदीबाईंस चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि तो दहा दिवसांनीं गेला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर तो वांचला असता, असें त्यांचें मत झालें. त्या वेळची आपली बाळंतिणीची खोली ज्यांनीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली आहे त्यांस अधिक सांगावयास नको: कोंदट काळोख, धुरी, अनुभवाखेरीज दुसरें शिक्षण नसलेली सुईण, आणि प्रसंग बिघडला तरी परपुरुष म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबविलेला डॉक्टर. कित्येक स्त्रिया मरण पत्करीत, पण पुरुष डॉक्टरास अंग दाखवीत नसत. स्त्रियांस स्त्री डॉक्टर पाहिजे, हा विचार आनंदीबाईंच्या मनांत येथें रुजला. गोपाळरावांस बायको शिकलेली हवी होती. ती काय शिकेल, याविषयीं त्यांचा असा पक्का संकल्प आढळत नाहीं. कोल्हापुरांतील ओळखीच्या आधारें त्यांनीं अमेरिकन मिशनरी वाइल्डर यांस पत्र लिहिलें, त्यांत पत्नीच्या शिक्षणाबरोबरच स्वतःस अमेरिकेंत कांहीं काम मिळेल काय, अशीही विचारणा होती. वाइल्डरसाहेबांनीं ख्रिस्ती व्हाल तर साह्य करूं, असें उत्तर दिलें. ती अट दोघांनींही मानली नाहीं. तथापि वाइल्डर यांनीं तो पत्रव्यवहार आपल्या मासिकांत छापला.

पुढील योगायोग एखाद्या कादंबरीकारानें लिहिला असता तर आम्हीं त्यास हंसलों असतों. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. हाताशीं पडलेला तो अंक त्यांनीं सहज चाळला आणि कोठल्याशा हिंदु मुलीची शिकण्याची इच्छा वाचून त्यांनीं तिला पत्र पाठविलें. त्या पत्रांतून मैत्री झाली. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणूं लागल्या. एकमेकींस न पाहिलेल्या दोन स्त्रियांतील या पत्रांत धर्म, रीतिरिवाज, बालविवाह असे अनेक विषय येतात, आणि त्यांतील आनंदीबाई कोणाची पढविलेली पोपटीण वाटत नाहीं.

जाण्याचें ठरलें तेव्हां गोपाळरावांच्या नोकरीचा व पैशाचा प्रश्न आडवा आला आणि आनंदीबाईंनीं एकटीनें जावें असा निश्चय झाला. ब्राह्मण सवाष्ण एकटी समुद्रापलीकडे जाणार, या बातमीनें श्रीरामपुरांत एकच गलका झाला. तेव्हां २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं तेथील कॉलेजच्या दिवाणखान्यांत या अठरा वर्षेंही पुरीं न झालेल्या मुलीनें उभें राहून इंग्रजींत व्याख्यान दिलें. लोकांच्या आक्षेपांचे तिनें सहा प्रश्न पाडले: अमेरिकेस कां जावयाचें, हिंदुस्थानांत शिकण्याची सोय नाहीं काय, एकटीनेंच कां, परत आल्यावर जातीबाहेर पडावें लागणार नाहीं काय, तिकडे कांहीं विपत्ति ओढवली तर काय, आणि आजवर कोणत्याही स्त्रीनें केलें नाहीं तें हिनेंच कां करावें. एकेका प्रश्नास तिनें सरळ उत्तर दिलें. या देशांत स्त्री डॉक्टरांची उणीव किती मोठी आहे, येथें रस्त्यानें पुस्तकें घेऊन जाणाऱ्या मुलीस काय काय सोसावें लागतें, हें तिनें स्वानुभवानें सांगितलें; हिंदु म्हणून जाईन व हिंदु म्हणूनच परत येईन, असें वचन दिलें. न्यायालयांत मुरलेल्या वकिलासही असा युक्तिवाद नेहमीं साधत नाहीं, हें आम्ही धंद्याच्या अनुभवानें कबूल करितों. हें व्याख्यान ज्यानें वाचलें, त्यास या बाईची बुद्धि उसनी होती असें म्हणवणार नाहीं.

७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या आणि ४ जून रोजीं न्यूयॉर्कास उतरल्या. फिलाडेल्फियाचें विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० सालीं केवळ स्त्रियांस वैद्यक शिकविण्यासाठीं स्थापन झालेलें. रेचेल बॉडली या रसायनशास्त्रज्ञ बाई तेव्हां तेथील प्रमुख होत्या. त्यांनीं आनंदीबाईंस घेतलें व पुढें आईप्रमाणें संभाळलें. तिकडची थंडी, परका स्वयंपाक, शाकाहाराचा नेम, लुगड्याचा पेहराव, आणि आधींच दुबळी झालेली प्रकृति यांच्याशीं झुंजत त्यांनीं तीन वर्षें काढलीं. या कॉलेजांतील १८८५ सालचें एक छायाचित्र उपलब्ध आहे. त्यांत तीन विद्यार्थिनी आपापल्या देशच्या वेषांत बसल्या आहेत: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केइ ओकामी आणि दमास्कसच्या साबात इस्लांबूली. आशियाच्या तीन टोंकांच्या या तिघी आपापल्या देशांतील स्त्रियांसाठीं एकच विद्या शिकत होत्या. पुढें ओकामी व इस्लांबूली याही पदवीधर झाल्या.

११ मार्च १८८६ रोजीं आनंदीबाईंस एम. डी. ची पदवी मिळाली. एकविसावें वर्ष पुरें व्हावयास तेव्हां वीस दिवस कमी होते. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या, गोपाळरावही होते. पदवीसाठीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. या विषयनिवडीकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधतों. अमेरिकेंत बसून, अमेरिकन परीक्षकांपुढें, आपल्या पूर्वजांनीं गर्भिणी व बाळंतीण यांविषयीं काय जाणलें होतें तें त्यांनीं मांडलें. परक्यांची विद्या आदरानें घ्यावी आणि आपली विद्या लाज न वाटतां तपासावी, असा स्वदेशाभिमान आमच्या राष्ट्रवादी म्हणविणाऱ्या मंडळींत त्या काळींही दुर्मिळ होता, आजही आहे. व्हिक्टोरिया राणीनें अभिनंदन कळविलें. तथापि पहिली नोकरी देऊं केली ती ब्रिटिश सरकारनें नव्हे, तर कोल्हापूर दरबारानें: तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून. त्याच १८८६ सालीं कलकत्त्यास कादंबिनी गांगुली यांनींही येथेंच राहून पाश्चात्य वैद्यकाचें शिक्षण पुरें केलें, हेंही सांगितलें पाहिजे. एकीचा गौरव करण्यासाठीं दुसरीस विसरण्याचें कारण नाहीं.

कोल्हापूरची ती जागा आनंदीबाईंनीं एक दिवसही भूषविली नाहीं. क्षयानें त्यांस अमेरिकेंतच गांठलें होतें. जर्मन शास्त्रज्ञ कॉख यानें क्षयाचा जंतु १८८२ सालीं दाखवून दिला होता, पण त्या जंतूस मारणारें पहिलें खरें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ सालीं निघालें. रोग कळत होता आणि इलाज नव्हता, अशा साठ वर्षांच्या मधल्या खिंडींत त्यांचें आयुष्य सांपडलें. १८८६ च्या अखेरीस त्या स्वदेशीं परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास वारल्या. बाविसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. ज्या रुग्णस्त्रियांसाठीं एवढें सोसलें, त्यांतील एकीचीही नाडी त्या डॉक्टर म्हणून स्वदेशीं पाहूं शकल्या नाहींत.

पुण्यामुंबईचीं वर्तमानपत्रें हळहळलीं. ज्यांनीं परदेशगमनास नांवें ठेविलीं होतीं त्यांनींही शोक केला. पण त्या शोकाची किंमत लागलीच कळून आली. त्याच मार्च महिन्यांत मुंबईच्या हायकोर्टानें दुसऱ्या एका मराठी स्त्रीस, रखमाबाईस, हुकूम केला कीं नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. अकराव्या वर्षीं लावून दिलेलें लग्न आपणांस मान्य नाहीं, एवढाच तिचा अपराध. १८८५ त न्यायमूर्ति पिन्हे यांनीं तिच्या बाजूनें निकाल दिला होता. अपिलांत तो फिरला. आणि आनंदीबाईंच्या चितेवर फुलें वाहणाऱ्या आमच्या राष्ट्रीय पक्षानें रखमाबाईवर मात्र टीकेचा भडिमार केला. ज्या लोकमान्यांचें नांव घेऊन आम्ही लेखणी हातीं धरतों, त्यांचीं पत्रें यांत मागें नव्हतीं, आणि संमतिवयाच्या कायद्यासही त्यांनीं विरोध केला, हें आम्ही खेदानें पण स्पष्टपणें लिहितों. सरकार परकें, म्हणून त्याचा कायदा नको, हा युक्तिवाद आम्हांस समजतो. पण घरचा कायदा करण्याची तयारी कोणी दाखविली होती? नवऱ्याच्या संमतीनें समुद्र ओलांडणारी स्त्री वंद्य, आणि नवऱ्याची संमति नाकारणारी निंद्य, हें त्या वेळचें मोजमाप होतें. आनंदीबाईंच्या यशाचें श्रेय गोपाळरावांस देण्याची घाई कां झाली, याचें उत्तर आम्हांस येथें सांपडतें. रखमाबाई पुढें तडजोडीनें सुटल्या, लंडनास वैद्यक शिकून १८९४ त डॉक्टर झाल्या, आणि सुरतेस व राजकोटास त्यांनीं अनेक वर्षें स्त्रियांची शुश्रूषा केली. आनंदीबाईंचें अपुरें राहिलेलें काम ज्यांनीं केलें, त्यांत त्यांची गणना केली पाहिजे.

आनंदीबाईंच्या पत्रांची किंमत प्रथम ओळखली तीही स्त्रियांनींच. अमेरिकेंत कॅरोलाइन डॉल या बाईंनीं १८८८ त त्यांचें चरित्र लिहिलें, आणि मराठींत काशीबाई कानिटकर यांनीं. काशीबाई स्वतः लग्नानंतर लपून-छपून वाचावयास शिकलेल्या. त्यांनीं पत्रें जमविलीं, माहिती पडताळली, आणि मराठींतील एका स्त्रीनें दुसऱ्या स्त्रीचें लिहिलेलें पहिलें मोठें चरित्र सिद्ध केलें. आनंदीबाईंनीं अमेरिकेंतून पतीस लिहिलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. त्यांत लहानपणच्या मारहाणीची आठवण आहे. तुमची वागणूक चांगली कीं वाईट हें ठरविणें कठीण, परिणाम पाहतां हेतु बरा म्हणावा लागेल, पण लाकडें व पुस्तकें फेंकून मारणें आणि सोडून जाण्याचा धाक घालणें यांचा मुलीच्या मनावर काय परिणाम होतो याचा विचार तुम्हीं केला नाहीं, असा त्याचा आशय आहे. स्वर शांत आहे. हिंदु पत्नीस प्रतिकाराचा अधिकार नाहीं, हेंही त्यांनीं तेथें नोंदून ठेविलें आहे. गोपाळरावांवरील निकाल आम्हीं द्यावयाची गरजच नाहीं. ज्या व्यक्तीस तो देण्याचा अधिकार होता, तिनें तो दोन्ही बाजू तोलून स्वतःच्या अक्षरांत दिलेला आहे.

टिटवाळ्यापुढें हाच लोहमार्ग शहापूर तालुक्यांत शिरतो. तेथील व शेजारच्या मुरबाडच्या डोंगरांतील पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीस डोलींत घालून, ओढे-नाले तुडवीत, पक्क्या सडकेपर्यंत आणल्याच्या बातम्या आजही वर्तमानपत्रांत येतात. मुंबई तेथून दोन-अडीच तासांच्या वाटेवर आहे. आनंदीबाईंची जयंती जवळ आली कीं सभा होतात, हार घातले जातात, आणि त्या सभांस स्थानिक पुढारीही हजर असतात. त्यांपैकीं कोणी पाड्यांवरील त्या वाटेचें काम पुढील पावसाळ्यापूर्वीं मनावर घेतील तर त्यांचें नांव येथेंच आनंदानें छापूं.

आनंदीबाईंच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटर मावशींकडे पाठविल्या. न्यूयॉर्क संस्थानांतील पोकीप्सी गांवच्या स्मशानभूमींत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेंत, त्या ठेविल्या आहेत. पंडिता रमाबाईंनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवरील आपलें इंग्रजी पुस्तक त्याच १८८७ सालीं प्रसिद्ध केलें; त्याची प्रस्तावना रेचेल बॉडली यांनीं लिहिली.